रेवाचा होकार

अण्णा, तुमची नात होकार द्यायची बंद झाली आहे. मराठीतलं ‘हो’ तिच्या तोंडून आधीही क्वचितच यायचं, ते तुम्हाला माहीत आहे. आता तिनं जर्मनमधलाही होकार टाकून दिला आहे. भूक लागली का विचारलं तर मान हलवते. दात घासलेस का विचारलं तर ‘हं’ करते. फारच मागे लागलं तर ‘गेनाऊ’ म्हणते, म्हणजे ‘अगदी बरोबर’, एखाद्या रिटायर झालेल्या हेडक्लार्कसारखं. पण जे आणि ए या दोन अक्षरांचा तो शब्द, जो इथलं प्रत्येक पोर उठताबसता म्हणतं, तो तिच्या तोंडून येत नाही. परवा शाळेतून बाईंचा फोन आला. सकाळी हजेरीला नाव घेतलं की रेवा नुसता हात वर करते, तोंड उघडत नाही, घरी काही झालंय का, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, आमचे अण्णा गेले. बाई म्हणाल्या, फार वाईट झालं.

मी हे सगळं तुम्हालाच सांगतेय, कारण या प्रकरणात तुमचा हात आहे. आणि सांगायला दुसरं कुणी घरात नाही. सुहास तुमच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलाय. जर्मनीत आपल्याच माणसाच्या अस्थी हातात मिळायला इतक्या कचेऱ्या फिरावं लागतं, की त्या फिरण्यात रडायचं राहूनच जातं. तुमच्या मुलाचं तसं झालं. विमानतळावर निघताना त्यानं ती पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, आणि मला म्हणाला, “वृंदा, हे केबिन बॅगेत चालतं ना गं?” एवढंच. रेवाला शाळा आहे म्हणून मी मागे राहिले. खरं कारण तेही नाही. तिला त्या पिशवीबरोबर विमानात बसवायची माझी हिंमत झाली नाही.

त्या शब्दाचं मूळ तुमच्याच एका ईमेलमध्ये आहे. रेवा तेव्हा पहिलीत होती, नुकतीच अक्षरं लिहायला लागली होती. तुम्ही अमळनेरच्या सायबर कॅफेतून इंग्रजी लिपीत मराठी लिहायचात. ‘रेवाबाई, या उन्हाळ्यात मी येऊ का?’ मी तिला वाचून दाखवलं, आणि ती म्हणाली, मीच उत्तर देणार. एका बोटानं जे दाबलं, ए दाबलं, आणि पाठवलं. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन. आवाज एवढा पडलेला, की मला वाटलं पडलात की काय. “वृंदा, अगं नातीनं मला ‘जा’ म्हणून कळवलंय. माझं काही चुकलं का?” मी इतकी हसले की फोनकार्डाची मिनिटं त्यातच संपली. तुम्ही जर्मन शिकला होतात पुस्तकावरून, एकट्यानं, कानावर एकही शब्द न पडता. ‘या’ म्हणून उच्चारतात ते तुम्हाला कोण सांगणार? मी पुन्हा फोन लावून समजावलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, “लिहायचं जा आणि म्हणायचं या? हा कसला होकार!” आणि मग तुम्हीही हसायला लागलात.

त्या उन्हाळ्यात तुम्ही आलात आणि त्या चुकीचा खेळ करून टाकलात. रेवानं कुठेही ती दोन अक्षरं लिहिली, वहीत, पाटीवर, बाथरूमच्या वाफ धरलेल्या आरशावर, की तुम्ही रुसल्याचं सोंग करून टोपी चढवायचात, काठी घ्यायचात आणि मुकाट दाराबाहेर. जिन्यात जरा वेळ थांबून बेल वाजवायची. ती पळत जाऊन दार उघडायची आणि तुमच्या पायांना मिठी मारायची. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी मला एकदा विचारलंही होतं, की तुमच्या सासऱ्यांना तुम्ही वरचेवर घराबाहेर का काढता? मी त्यांना काय सांगणार, कप्पाळ?

पाहुण्यांच्या व्हिसावर तीन महिने, एवढंच सरकार तुम्हाला आमच्याजवळ राहू द्यायचं. लोकांचे आईवडील येतात तेव्हा त्यांना राजवाडे दाखवतात, ऱ्हाइनमधून बोटीतून फिरवतात. सुहासनं तुम्हाला कोलोनचं चर्च दाखवायचं ठरवलं, तर तुम्ही म्हणालात, “फोटोत पाहिलंय. मला सदस्यांच्या गावी ने.” सदस्य! आयुष्यभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलंत, विद्यार्थ्यांकडून राज्यघटनेची कलमं पाठ करून घेतलीत, आणि चरित्र लिहायला घेतलंत ते कुणाचं? सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या एका लोकप्रतिनिधीचं, ज्याचं नाव खुद्द अमेरिकेत कुणाला माहीत नाही. कुठल्याशा जाडजूड पुस्तकाच्या तळटीपेत तो तुम्हाला भेटला. योहान. तिकडे गेल्यावर जॉन झालेला. आडनाव तुम्ही क्वचित घ्यायचात. आपल्या घरात तो ‘आमचे सदस्य’ होता, आणि त्याचा उल्लेख तुम्ही आदरार्थीच करायचात, जसे कुणी व्याही असावेत. पुण्याला माझ्या आईला दोन वर्षं वाटत होतं, की अण्णांचे कुणी अमेरिकेतले स्नेही आहेत आणि त्यांची तब्येत बरी नसते.

त्यांची गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत, की मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आपल्या एर्लांगेनहून रीजनल ट्रेननं थोडं पुढे एक खेडं. तिथे कातडी कमावणाऱ्याच्या घरी जन्म. लहानपणीच घरच्यांबरोबर जहाजात बसले, वाटेत आई गेली, तिला समुद्रात सोडलं. पेनसिल्व्हेनियात पोचल्यावर बापानं पुन्हा कातड्याचेच हौद मांडले. मुलगा मोठा झाला, त्याचा धंदा वाढला, स्वातंत्र्याच्या लढाईत सैनिकांच्या बुटांना त्याचं कातडं गेलं. आसपास सगळी जर्मन शेतकऱ्यांची वस्ती. त्यांनी त्याला आधी राज्याच्या सभागृहात पाठवलं, मग देशाच्या. आणि तिथे हे गृहस्थ शेवटच्या रांगेत, शेगडीजवळ, गप्प. इंग्रजी कळायचं सगळं, पण उभं राहून बोलायची भीड. “त्यांची सगळी भाषणं एका पोस्टकार्डावर मावतील,” हे तुम्ही एवढ्या अभिमानानं सांगायचात, की जसं काही ते तुमचेच विद्यार्थी. मी म्हटलं होतं, अण्णा, मग चरित्रात लिहिणार काय? तुम्ही म्हणालात, “बोलणाऱ्यांची चरित्रं सगळेच लिहितात.”

नाव पुकारलं की होकार किंवा नकार द्यायचा, एवढंच त्यांचं काम. तिथे होकाराला ‘ये’ म्हणत. तुमचा लाडका तर्क असा, की सदस्य ‘ये’ म्हणतच नसणार. ते सरळ आपल्या आईच्या भाषेतलं ‘या’ म्हणत असणार, आणि लिहून घेणाऱ्या कारकुनाला फरक कळत नसणार. मी विचारलं, पुरावा? “पुरावा कसला? माणूस घाबरला की आईच्या भाषेत बोलतो.” ते तुम्ही पुस्तकात घालणार होतात, आणि मी म्हणत होते की घालू नका, लोक हसतील. आता मला वाटतं घालावं. पण पुस्तक तर अर्धंच आहे, अण्णा.

त्या गावी आपण तिघं गेलो तो दिवस मला आठवतो. तुम्ही कोट घालून निघालात, उन्हाळ्यात. मी म्हटलं उकडेल, तर म्हणालात, सदस्यांच्या घरी चाललोय. गावात काय होतं? एक ओढा, सफरचंदाची झाडं, बंद पडलेलं दुकान. सदस्यांच्या पूर्वजांची थडगी बघायची तुम्हाला कोण हौस. चर्चची किल्ली ज्यांच्याकडे होती त्या बाई म्हणाल्या, इतकी जुनी थडगी नसतात आमच्यात. जागा ठरावीक वर्षांसाठी मिळते, मुदत संपली आणि कुणी पुढे आलं नाही की दगड काढून टाकतात. मी भाषांतर केलं. तुमचा चेहरा एवढासा झाला. “म्हणजे मेल्यावरही व्हिसा?” तुम्ही मला विचारलंत. बाई म्हणाल्या, काय म्हणाले ते? मी म्हटलं, चर्च सुंदर आहे म्हणाले.

मग तुम्ही त्या रिकाम्या चर्चच्या मधोमध उभे राहिलात, कोटाचं बटण लावलंत, आणि वर्गात हजेरी घ्यायचात त्या खणखणीत आवाजात सदस्यांचं पूर्ण नाव पुकारलंत. माझी तर लाजेनं मान खाली. किल्लीवाल्या बाई दारात. आणि मागच्या बाकावर पाय हलवत बसलेली रेवा तेवढ्याच मोठ्यांदा म्हणाली, “या!” तुम्ही वळलात. अण्णा, तुमचं तोंड त्या वेळी कसं झालं होतं, ते मला सांगता येणार नाही. परतीच्या गाडीत तुम्ही तिला आपल्या खिडकीची जागा दिलीत आणि एर्लांगेन येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. रेवानं मला कानात विचारलं, आजोबा खरंच रुसले का? मी म्हटलं, नाही गं, खूश आहेत. ती म्हणाली, “आल्झो, म्हणजे असे खूश?”

आता आपलं भांडण. ते मिटलेलं नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेईन असं वाटत असेल तर विसरा. गुलामगिरीतून पळालेल्या माणसांना पकडून मालकाच्या ताब्यात द्यायचा कायदा सभागृहापुढे आला. कुणी हो म्हटलं, कुणी नाही म्हटलं, त्यांची नावं छापलेली आहेत. त्यात तुमचे सदस्य कुठेच नाहीत. आधी आहेत, नंतर आहेत, नेमके त्या दिवशी नाहीत. तुम्ही लिहिलंत, ‘सदस्य तटस्थ राहिले.’ मी म्हटलं, अण्णा, तटस्थ काय? गैरहजर म्हणा. पळाले म्हणा. गिऱ्हाईक दोन्हीकडचं, कातडं दोघांनाही विकायचं, म्हणून घरी बसले. तुम्ही भात कालवता कालवता थांबलात. “पळायचं असतं तर हो म्हणून मोकळे झाले असते. सगळे म्हणतच होते. असतील तिथेच. नाव पुकारलं असेल, आणि यांनी मान हलवली असेल.” मी म्हटलं, “मतमोजणीत मान मोजत नाहीत.” तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की सुहासनं मुकाट्यानं आमटीचं पातेलं उचलून आत नेलं.

हे असं रोज जेवणात चालायचं. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, सासरे आले की तुझं कसं होत असेल? मी म्हणायचे, फार कटकट आहे. खोटं बोलायचे. दिवसभर मी ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढते, आणि तिथे मला कुणी एक वाक्य परत विचारत नाही. तुम्ही विचारायचात. माझं म्हणणं खोडायला तुम्ही दुपारभर पुस्तकं उलटायचात आणि मी दार उघडून आत आले, की चपला काढायच्या आधी, “वृंदा, तुझ्या त्या मुद्द्याला उत्तर सापडलं.” माझे वडील मी कॉलेजात असताना गेले. त्यांनी माझे लाड खूप केले, पण माझ्याशी वाद कधी घातला नाही. मला बरोबरीनं भांडणारा बाप सासरी मिळाला, हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. पण अशी वाक्यं आपल्या घरात कोण बोलतं? आपण एकमेकांना आग्रहानं वाढतो, आणि तेवढ्यात भागवतो.

या खेपेला ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तुम्हाला जिन्यावरून उतरवलं, तेव्हा तोंडावर मास्क होता आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती. मी पुढे, तुमचा हात धरून. मधल्या वळणावर तुम्ही मास्क बाजूला सारलात. मला वाटलं, पाणी हवंय. तुम्ही म्हणालात, “तटस्थच लिहायचं, हं.” ॲम्ब्युलन्समधला दाढीवाला मुलगा मला विचारतो, त्यांना कुठे दुखतंय का? मी हो म्हटलं.

न्यूमोनिया, आणि त्यात हृदय दमलेलं. इस्पितळात तुमचं कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं होतं. मास्कच्या पट्ट्यांत अडकून ते शिट्टी मारायचं आणि तुम्ही वैतागायचात. मग तुम्ही बोलायचं आणि आम्ही लिहून दाखवायचं, असं ठरलं. शेवटच्या दुपारी रेवा चित्रकलेची वही आणि खडू घेऊन आली होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. त्या जे सांगत होत्या त्यातला शब्द न् शब्द मला कळत होता आणि एकही आत जात नव्हता. परत आले तेव्हा दारातूनच तुमचा आवाज ऐकला, “रेवाबाई, उद्या येशील ना?” ती वहीवर वाकली होती. तिनं लाल खडूनं अख्खं पान भरून ती दोन अक्षरं काढली आणि तुमच्यासमोर वही धरली. तेवढ्यात माझ्यामागून नर्स औषधांची गाडी घेऊन आली, तिला वाट द्यायला मी बाजूला झाले. पुढचं मी पाहिलं नाही. आत आले तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते, आणि रेवा वही दप्तरात भरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शाळेत सोडून मी सायकल लावत होते, तेव्हा फोन आला.

खरं सांगते, त्या दोन अक्षरांचं मला काहीसुद्धा सुचलं नव्हतं. सुहासला धरू, की पुण्याला फोन करू, की रेवाला शाळेतून आणू, यात मी होते. तेही तिला सांगताना मी धड सांगितलं नाही. ‘आजोबा गेले’ म्हटलं. आपल्याला दुसरा शब्द कुठे येतो? मराठीत माणूस मरत नाही, जातोच. तिनं एकदा विचारलं, “गेले?” मी म्हटलं, हो बाळा, गेले. ती उठली, दप्तर उघडलं, वही काढली, आणि ते पान बघत बसली. कितीतरी वेळ. मग माझ्याकडे न बघता जर्मनमध्ये म्हणाली, की मीच लिहिलं होतं जा म्हणून. आजोबा वाचतात तसं मी वाचून बघितलं नाही, असंही म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं. वेडी का गं तू, असं म्हटलं. सांगितलं, की तू हो म्हणालीस, उद्या येणार म्हणालीस, आजोबांना सगळं कळत होतं, तो खेळ त्यांचाच होता. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुला कसं माहीत?” अण्णा, मला माहीत नव्हतं. तुम्ही शुद्धीत होतात, पण अर्धे. औषधांनी मध्येच सुहासला तुमच्या थोरल्या भावाच्या नावानं हाक मारत होतात. तुम्ही त्या लाल अक्षरांत काय वाचलंत? नातीचा होकार वाचलात, की कुणीतरी तुम्हाला ‘जा’ म्हणतंय असं वाचलंत, आणि कधी नव्हे ते ऐकलंत? मी चांगली मोठी बाई, इंजिनीअर, आणि मलाही तीच शंका यायला लागली. भांडी घासताना यायची, बसमध्ये यायची. तुमचा राग यायचा. एवढ्या भाषा, एवढी पुस्तकं, आणि मागे राहिलेल्या पोरीसाठी एक खूण ठेवता आली नाही?

त्या दिवसापासून तिनं तो शब्द सोडला. मी रागावून बघितलं, लाडीगोडी करून बघितलं. सुहासनं आइस्क्रीम खाणार का विचारलं, तर तिनं नुसता चमचा पुढे केला. मानेवर, हातावर, ‘हं’वर आमचं घर चाललंय. मी मान मोजायला शिकलेय, अण्णा. आणि शाळेतून फोन आला त्या संध्याकाळी मी तुमच्या कागदांतलं ते तटस्थवालं पान काढून वाचलं. मला पहिल्यांदाच ते सदस्य दिसले. शेगडीजवळ बसलेले, हजर, नाव पुकारलं गेलंय, सगळे वळून बघतायत, आणि हो म्हणायचं तर जीभ उचलत नाही. तुम्ही हे मला सांगत होतात का? मग सरळ सांगायचंत ना. ‘तटस्थ’ हा शब्द तरीही चूक आहे. तटावर उभा राहणारा माणूस कोरडा असतो. माझी पोर कोरडी नाहीये, आणि तुमचे सदस्यही नसणार. दुसरा शब्द शोधायला हवा होता. दोघांनी मिळून शोधला असता, एक उन्हाळा अजून मिळाला असता तर. मी एकटीनं तो कुठून आणू?

त्यांचं पुढे काय झालं, तेही मला आता बोचतं. पुढच्या निवडणुकीत लोकांनी विचारलं, इतकी वर्षं तिथे बसून तुम्ही बोललात काय? आणि पाडलं. ते घरी आले आणि पुन्हा कातड्याच्या हौदांवर उभे राहिले. तुम्ही सांगायचात, की परत आल्यावर मात्र ते फार बोलके झाले होते, नातवंडांशी. हे कुठे लिहिलंय ते मी विचारलं नाही. तुम्ही ते तुमच्या पदरचं घातलं असणार.

काल संध्याकाळी सुहासचा फोन आला. गोदावरीत झालं सगळं, म्हणाला. आवाज बसला होता. मी ‘बरं’, ‘बरं’ करत होते, आणि रेवा जमिनीवर बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, आजोबांना पाण्यात सोडलं का? मी म्हटलं, हो. तिच्या कपाळावर आठी पडली. “आबर ते ‘येतो’ म्हणाले होते,” ती म्हणाली. “वान?” पण ते येतो म्हणाले होते, मग कधी, असं ती मला विचारत होती.

मी म्हटलं, कोण म्हणालं? कुणाला?

“मला. मी पान दाखवलं ना, तेव्हा. त्यांनी ते वाचलं. मग हसले. असे.” तिनं ओठ न उघडता गाल फुगवून दाखवलं, मास्कच्या आतून तुम्ही हसायचात तसं. “आणि म्हणाले, ‘बरं. येतो.’”

अण्णा, मी खाली बसले. तिच्याशेजारी, जमिनीवरच. इतके दिवस ते वाक्य या पोरीजवळ होतं आणि ती त्याची वाट बघत होती. बेल वाजायची वाट बघत होती. मी रडायला लागले, आणि तिला वाटलं तिचंच काही चुकलं. मग डोळे पुसून मी तिला सांगितलं, जमेल तसं. की आपल्यात घरातून निघणारा माणूस ‘जातो’ असं कधी म्हणत नाही. तो ‘येतो’ म्हणतो. दुकानात चाललेला म्हणतो, परदेशी चाललेला म्हणतो. आजोबा तुझ्यावर रुसून गेले नाहीत. तुझं वाचून हसले, आणि आपल्या घरातला माणूस निघताना जे म्हणतो, ते तुला म्हणून निघाले.

“म्हणजे खोटं?”

“नाही गं. खोटं नाही. तसं म्हणतात.”

ती विचार करत राहिली. केसांची बट तोंडात धरून, तुम्हाला आवडायचं नाही तशी. मग विचारलं, आता मराठीत, तुटक, पण पूर्ण मराठीत, “आणि जो घरी राहतो, तो काय म्हणतो?”

मी म्हटलं, “लहान माणसाला ‘ये’ म्हणतो. मोठ्या माणसाला ‘या’ म्हणतो.”

ती उठली. दाराकडे गेली नाही, खिडकीकडेही नाही, खोलीच्या मध्ये नुसती उभी राहिली. आणि हळूच, पण स्पष्ट म्हणाली, “या.”

तिनं ते जर्मनमध्ये म्हटलं की मराठीत, मला कळलं नाही. मी विचारलं नाही.